पोरगी दोननंतर

“एवढंच सांगा, मिसेस प्रुएट,” केंड्रा म्हणाली, “गाण्यातली ती बाई तुम्हीच ना?”

माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने सगळं दुकान मांडलं होतं. आवाज टिपायचं यंत्र, दोन वह्या आणि जुन्या कागदांना हात लावायला पांढरे सुती हातमोजे. वय फार तर अठ्ठावीस. नॅशव्हिलच्या कुठल्याशा संग्रहालयातून आली होती. ‘बूट हातात घेऊन’ या गाण्याला पन्नास वर्षं होणार म्हणून त्याचा इतिहास काचेच्या कपाटांत मांडायचा होता म्हणे.

“त्यालाच विचारा,” मी म्हटलं. इतकी वर्षं मी सगळ्यांना हेच उत्तर देत आले आहे.

“विचारलं. ते म्हणाले, तिला विचारा.”

‘ते’ म्हणजे हॉइट, माझा नवरा. ते गाणं त्याने लिहिलं, चालही त्याचीच. तो खिडकीशी बसून कानातलं यंत्र काढून शर्टाच्या टोकाने पुसत होता. कुणी प्रश्न विचारायला लागलं की त्याचं यंत्र नेमकं मळतं. त्याच्या शेजारी डेलबर्ट बसला होता. डेलबर्टने पहिल्या रेकॉर्डिंगला बास गिटार वाजवली होती. जुन्या फोटोतले चेहरे ओळखायला केंड्राने त्याला बरोबर आणलं होतं. तो ऐंशीचा झाला असला तरी खाण्यावरची वासना काही कमी झालेली नव्हती. सफरचंदाच्या तळलेल्या तीन करंज्या संपवून तो चौथीकडे बघत होता.

“गायिका कोरिन वेल स्वतः येणार आहेत उद्घाटनाला,” केंड्राने सांगितलं. “त्यांना तुम्हाला भेटायचंय. त्या एका मुलाखतीत म्हणाल्या होत्या, हे गाणं जिच्यासाठी लिहिलं ती जगातली सगळ्यांत नशीबवान बाई असणार. आम्ही तुमचा लग्नातला फोटो गाण्याच्या शेजारी लावणार आहोत. मोठा करून.”

दुसऱ्या बाईच्या गाण्याशेजारी माझा फोटो, तोही मोठा करून. आणि पहिल्या रांगेत मी केस सेट करून बसायचं, तिच्या जागी.

हॉइट यंत्र कानात घालून उठला. “जुनी गिटार मागच्या शेडमध्ये आहे,” तो केंड्राला म्हणाला. “आणतो. वेळ लागेल. गुडघे ऐकत नाहीत.”

त्याचे गुडघे कामाने गेले. आमच्या हिकरी फोर्कमध्ये आणि आसपासच्या तीन गावांत त्याने एकोणचाळीस वर्षं लोकांच्या घरांत जमिनीवर चिकटवायचं लिनोलियम बसवलं. लिनोलियम कुठे बसवतात? स्वयंपाकघरात. म्हणजे माझा नवरा रोज सकाळी आठ ते चार परक्या बायकांच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून असायचा, आणि त्या बायका त्याच्या डोक्यावर उभं राहून विचारायच्या, थंड चहा घेणार का. मी तेव्हा शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवत होते. दिवसाला कॉलरी किती झाल्या हे सुपरवायझर मोजायचा. त्या बायकांच्या चहाचे पेले मी मनातल्या मनात मोजत असे.

आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी हॉइट नॅशव्हिलला जाऊन दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर गिटार वाजवायचा. परत किती वाजता यायचा ते मला सांगता येणार नाही. मला साडेचारला उठावं लागे, त्यामुळे आठला पाठ टेकली की मी मेल्यासारखी झोपे. तो घरात शिरलेला मी कधी ऐकला नाही. सकाळी उठावं तर शेजारी असे.

आता तो कागद.

एकाहत्तरच्या मार्चमध्ये, लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा, कपडे धुताना त्याच्या शर्टाच्या खिशात मला लिनोलियमच्या दुकानाची पावती सापडली. मागच्या कोऱ्या बाजूला हॉइटच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 625, थोडी जागा सोडून 1451. आणि खाली तीन शब्द.

पोरगी दोननंतर येते.

मी ती पावती हातात धरून ओल्या कपड्यांच्या ढिगाशी उभी राहिले. टेलिफोनचा नंबर आणि वेळ. माणूस तेवढंच लिहितो. आमच्याकडे फोनचे आकडे सात, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

त्या गुरुवारी डोकं दुखतंय सांगून मी कारखान्यातून अर्ध्या दिवसाने घरी आले. अडीच वाजता नंबर फिरवला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा लागला. दोनदा वाजला आणि एका बाईने उचलला. तरुण आवाज, धावत आल्यासारखा.

“तूच ना?” ती म्हणाली. “किती वाट बघायला लावायची ती.”

मी फोन ठेवून दिला.

हॉइटला मी काही विचारलं नाही. लोकांना वाटेल, एवढी तिखट बाई, विचारलं कसं नाही. पण हॉइटला खोटं बोलता येत नाही. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं, आणि मला त्याचीच भीती होती. मी बावीस वर्षांची होते. माहेरी परत जायचं तर तिथे आधीच सात जण एका छपराखाली होते. शिवाय मला तो हवा होता. ते सगळ्यांत वाईट.

पुढच्या रविवारी चर्चमधून आल्यावर तो याच टेबलाशी बसला. “नवीन गाणं जुळवलंय,” तो म्हणाला. “ऐकतेस का?” गिटार लावताना त्याचे कान लाल झाले होते. मग त्याने सुरू केलं. एक माणूस मागच्या दाराने घरात येतो. बूट काढून हातात घेतो, कारण फळ्या वाजतात. आत एक बाई झोपलेली आहे. तो तिच्याकडे बघत उभा राहतो, आणि उजाडल्यावर ती विचारेल की कधी आलास, तर काय सांगायचं ते त्याला कळत नाही.

मागच्या दाराने, बूट हातात घेऊन. आपल्या घरात येणारा पुरुष असा चोरासारखा कशाला येईल? पहिलं कडवं संपायच्या आत मी उठले आणि अंड्यांची टोपली घेऊन कोंबड्यांकडे गेले. अंडी सकाळीच काढलेली होती. मी तिथे खुराड्यात वाकून नुसती उभी राहिले. परत आले तेव्हा गिटार पेटीत गेली होती. ते गाणं त्याने घरात पुन्हा कधी म्हटलं नाही.

नंतर ते रेबर्न टॉली नावाच्या गवयाने गायलं. लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौतिसाव्या नंबरावर चढलं, सहा आठवडे राहिलं आणि गेलं. गेलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी नारळाचा केक केला. हॉइटने दोन तुकडे खाल्ले आणि कशाबद्दल आहे ते विचारलं नाही.

पावती मी बटणांच्या डब्यात तळाशी ठेवली. मध्ये मध्ये, दोन-चार वर्षांनी, मनाला खाज सुटली की मी तो नंबर फिरवत असे. कधी तीच बाई उचले, आता आवाज जाडसर झालेला. एकदा मागे कुत्रं भुंकत होतं. मला तेही लागलं. आम्हाला कुत्रा नव्हता, हॉइट म्हणायचा घाण होते, आणि तिच्याकडचा मात्र त्याला चालत होता. एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात फिरवला तर टेप लागली की हा नंबर आता अस्तित्वात नाही. त्याच ऑक्टोबरात हॉइटने तीन आठवडे गिटारला हात लावला नाही. त्याचा धाकटा भाऊ वारला होता, म्हणून असेल, असं सगळे म्हणत होते. मी मनात म्हटलं, तुम्हाला काय माहीत.

मला वाटलं, संपलं. बाई गेली, गाणं तर केव्हाच गेलेलं.

आणि त्र्याण्णवमध्ये कोरिन वेलने ते उकरून काढलं. रेबर्नची रेकॉर्ड तिला जुन्या सामानाच्या दुकानात सापडली होती म्हणतात. तिने ते पियानोवर घेतलं, इतकं सावकाश की मध्ये माणूस पाणी पिऊन येईल. देशभर तेच. किराणा दुकानात भोपळा निवडताना तेच, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आ वासून पडलं की वर छतातून तेच. माझ्या भाचीच्या लग्नात नवरानवरीचा पहिला नाच त्याच गाण्यावर झाला, आणि सगळी मंडळी माझ्याकडे वळून डोळे पुसत हसत होती. मीही हसले. आत माझं काय होत होतं ते माझं मला माहीत.

कोरिन वेल देखणी होती, तेही मी तिला माफ केलं असतं. पण तिने ओळ बदलली. हॉइटच्या गाण्यात बाई झोपलेली होती. ही बाई असल्यामुळे तिने ते बाईच्या तोंडी घातलं: तू बूट हातात घेऊन येतोस आणि मी झोपेचं सोंग घेते. त्या ‘सोंग’ शब्दावर तिचा आवाज जरासा चिरतो. त्या चिरण्यावर सगळं जग फिदा झालं. मला वाटलं, बघा, आता ती जागी पण आहे. इतकी वर्षं मी तिला निदान झोपलेली समजत होते.

हॉइटने ते पहिल्यांदा ट्रकच्या रेडिओवर ऐकलं, मी शेजारी होते. त्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालू ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. पुढे दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मी समजले. दुसरं काय समजणार?

तर हे असं सगळं, आणि टेबलाशी ही केंड्रा माझा फोटो मोठा करायचं म्हणते.

हॉइटची पावलं शेडकडे गेली तशी मी उठले. कपाटातून बटणांचा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. बटणं घरंगळत डेलबर्टच्या बशीपर्यंत गेली. तळाची पावती काढून मी केंड्रासमोर ठेवली.

“इतिहास पाहिजे ना? हा घ्या,” मी म्हटलं. “ती बाई मी नाही. ही आहे. नाव मला माहीत नाही, फोन नंबर आहे तेवढा. कपाटात लावायचा असेल तर हिचा फोटो शोधून लावा. दुसरीच्या जागेवर मी बसणार नाही.”

केंड्राने घाईघाईने हातमोजे चढवले, पण त्याआधी डेलबर्टने करंजीचे हात पँटला पुसून पावती उचलली होती. त्याने चष्मा कपाळावर ढकलला, कागद नाकाजवळ नेला. मग त्याचं बोट टेबलावर हळूहळू पडायला लागलं आणि तो तोंड मिटून गुणगुणायला लागला. ते गाणं होतं. पियानोवालं नव्हे. या टेबलाशी एका रविवारी मी अर्धवट टाकून गेले होते ते.

“अगं नेल्डा,” तो म्हणाला, “हे तुझ्याकडे होतं होय? हॉइटनं तेव्हा अख्खा ट्रक उलटापालटा केला होता याच्यासाठी.”

“काय आहे ते?”

“काय आहे म्हणजे? गाणं आहे. हे बघ, सहावर सुरू, मग दोन, पाच. इथं थांबायचं. मग...” तो कागद पुन्हा नाकाजवळ धरून म्हणाला, “एक, चार, पाच, एक. हे आपले गिटारचे कॉर्ड, प्रत्येकाला एक आकडा. आम्ही कुणी स्वरलिपी वाचणारे थोडेच होतो. पट्टी कुठलीही सांगा, आकडे तेच.”

मला आकड्यांची पद्धत माहीत नव्हती असं नाही. पुढे हॉइटच्या वह्याच्या वह्या मी बघितल्या होत्या, मोठ्या कागदांवर, रेघा मारून, ओळींखाली ओळी. पण ही पावती त्यांच्या शेजारी ठेवून बघावी असं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. ही वेगळ्या डब्यात होती.

“आणि खाली?” मी म्हटलं. “पोरगी दोननंतर येते, ते काय आहे मग?”

“दुसऱ्या कडव्यानंतर. तिथून बाईचा आवाज घ्यायचा बरोबर.” डेलबर्ट हसायला लागला. “स्टुडिओत आम्ही सगळ्यांना पोरगीच म्हणायचो गं. ती पोरगी म्हणजे मिसेस ओपल गॅरेट. बाप्टिस्ट पाद्र्याची बायको. तेव्हाच तिला नातू होता. रेकॉर्डिंग चालू असताना स्वेटर विणायची.”

केंड्राही हसली.

“बाईनं फोन उचलला होता,” मी म्हटलं. “मी फिरवला होता. तूच ना, म्हणाली. वाट बघत होती.”

“उचलणारच की कुणीतरी,” डेलबर्ट म्हणाला. “फोन आहे तो.”

मी खुर्चीवर बसले. मला हलकं वाटायला हवं होतं, नाही का? तसं काही झालं नाही. मला त्या क्षणी डेलबर्टचा राग आला, त्या ओपल गॅरेटचा आला, आणि फोनवरच्या त्या बाईचाही आला, जिला आता काही कारणच उरलं नव्हतं. इतकी वर्षं मी तिच्याबरोबर काढली होती. तिचं वय वाढताना ऐकलं होतं.

डेलबर्टला माझा चेहरा दिसत नव्हता. तो पावतीतच होता. “हा आधी ठरलेल्या रेकॉर्डिंगचा कागद. रेबर्नचा नव्हे. हॉइट स्वतः गाणार होता. रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला त्याचाच आवाज पाहिजे होता. म्हणाला, हे गाणं याच माणसानं गायचं, याच्यानंतर याला आणखी चार गाणी देतो. तारीखसुद्धा ठरली होती. सोमवारी हॉइट आला आणि म्हणाला, मी गात नाही, रेबर्नला द्या. का, ते कुणाला सांगितलं नाही. आम्ही म्हटलं, घाबरला.”

सोमवारी. मला रविवार माहीत होता.

हॉइट गिटार घेऊन आला तेव्हा पावती माझ्या एप्रनच्या खिशात होती. केंड्राने डोळ्यांनी विचारलं, मी मान हलवली, नाही. मुलगी शहाणी, पुढे बोलली नाही. तिने गिटारचे फोटो काढले, हॉइटला दोन-चार सोपे प्रश्न विचारले, आणि चारच्या सुमाराला दोघं गेली. डेलबर्टने जाताना उरलेल्या करंज्या कागदात बांधून नेल्या.

मी रात्रीच्या जेवणाचे बीन्स चुलीवर चढवले, डुकराच्या मांसाचा तुकडा टाकला, आच मंद केली. मग हॉइटच्या समोर बसून पावती ठेवली. माझ्या बाजूच्या कानाचं यंत्र त्याने पुन्हा काढून ठेवलेलं होतं, त्यामुळे पन्नास वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मला ओरडून सांगावी लागली. दोन वाक्यं तर दोनदा सांगावी लागली. शेजारच्या मिसेस टिप्टनने कपडे वाळत घालायचं थांबवलेलं मला खिडकीतून दिसलं.

“फोन केलास?” तो म्हणाला.

“केला.”

“या आकड्यांना?”

“हो.”

“आणि लागला?”

“लागला.”

त्याने पावती उजेडाकडे धरली. “कोण होती?”

“मला काय माहीत? मला वाटलं तुला माहीत आहे.”

त्याचे खांदे हलायला लागले. तो आवाज न करता हसतो, पूर्वीपासून. मग हसणं थांबलं, आणि त्याने यंत्र शोधून नीट कानात बसवलं.

“म्हणून तू कोंबड्यांकडे गेलीस?”

“म्हणून.”

“मला वाटलं, गाणं वाईट झालंय,” हॉइट म्हणाला. “मी मालकाला सांगितलं, घरी पसंत पडलं नाही. जे घरी पसंत नाही ते मी दुनियेसमोर कसं म्हणू?”

“मग मला विचारायचं होतंस.”

“तू टोपली घेऊन गेलीस, नेल्डा. अंडी सकाळी काढलेली होती, ते मला माहीत होतं.”

माझ्या मनात मालकाची ती आणखी चार गाणी येत होती. ती कुणी लिहिली नाहीत, ती कधी झालीच नाहीत. त्याऐवजी एकोणचाळीस वर्षं लिनोलियम झालं.

“ती कोरिन वेलची ओळ,” थोड्या वेळाने तो म्हणाला, “सोंगाची. मी ती ट्रकमध्ये ऐकली त्या दिवसापासून मला एक विचारायचं होतं. पण म्हटलं, आता काय विचारायचं, राहू दे.”

“काय?”

तो गिटारवरची धूळ शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. मग मीच म्हटलं, “म्हण ना ते. मला ऐकायचंय. पूर्ण.”

“आवाज कुठे राहिलाय?”

“नसू दे.”

“नाही, ते नाही,” हॉइट म्हणाला. “मला ते माझं येतच नाही आता. मध्यंतरी शेडमध्ये एकटाच होतो तेव्हा म्हणून बघितलं. तोंड उघडलं की तिचंच येतं. ती जिथे थांबते तिथेच थांबतो. माझं कसं होतं ते आठवत नाही.”

खरं सांगते, फोनवरच्या बाईचा मी कधी इतका दुस्वास केला नसेल जितका त्या क्षणी कोरिन वेलचा केला. तिने चोरलं नव्हतं. मी टाकून दिलेलं तिने उचललं होतं, जुन्या सामानाच्या दुकानातून, आणि आता ते माझ्या घरातही तिचंच होतं. ते माझ्यासाठी जसं होतं तसं फक्त एकदा म्हटलं गेलं, आणि अर्ध्या कडव्यात मी उठून खुराड्यात जाऊन उभी राहिले होते.

“मग तिच्यासारखं म्हण,” मी म्हटलं.

त्याने गिटार मांडीवर घेतली. तारा जुन्या, लावायलाच वेळ गेला. मग त्याने सुरू केलं, सावकाश, तिच्यासारखंच, ती घेते त्या सगळ्या जागा घेत. आवाज फाटका झालेला, वर जाताना तुटत होता. मागचं दार आलं, फळ्या आल्या, बूट आले. आणि त्या ओळीशी येऊन तो थांबला. बोटं तारांवरच होती.

“तू जागी असायचीस का?” त्याने विचारलं. “तेव्हा. मी यायचो तेव्हा तू सोंग घेऊन पडलेली असायचीस?”

अठ्ठावीस वर्षं हा माणूस हे मनात घेऊन माझ्या शेजारी झोपला होता. रोज रात्री.

“नाही रे,” मी म्हटलं. “खरंच झोपलेली असायचे. तुझ्या बुटांची शपथ, मला काहीच कळायचं नाही.”

“हं,” तो म्हणाला.

त्याने मान खाली घातली आणि पुन्हा सुरू केलं. ती ओळ त्याने तिचीही म्हटली नाही आणि आपलीही म्हटली नाही. तेवढी नुसती वाजवली, आणि पुढच्या ओळीपासून पुन्हा गायला लागला. दुसरं कडवं मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकत होते. चुलीवर बीन्सचं पाणी आटलं होतं, खाली लागल्याचा वास यायला लागला होता. हॉइटला तो येत होता, कारण त्याने एकदा चुलीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मी उठले नाही.